याच्या धर्माचं कुणी आहे का?

शाकिर माझ्या बायकोचा भाऊ. ट्रक चालवायचा. इराणशी युद्ध सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, बसऱ्याच्या रस्त्यावर अरकाची दारू पिऊन गाडी हाकताना त्याने एका माणसाला चिरडलं. त्याची शिक्षा भोगायला तो अमारा शहराच्या खाली, दिजला म्हणजे टायग्रिस नदीच्या काठावरच्या एका जुन्या तुरुंगात गेला. माणूस मारल्याचं ओझं त्याच्या डोक्यावर होतंच. पण ज्या गोष्टीने त्याला पुढे कधी मान वर करू दिली नाही ती वेगळी, आणि ती त्या तुरुंगात घडली.

खटला चालू होता तेव्हा तो बगदादच्या कोठडीत होता. तिथे बरोबरच्या कैद्यांना कळलं की हा सुब्बी आहे. लोक आम्हाला सुब्बी म्हणतात, म्हणजे पाण्यात बुडी घेणारे. आम्ही स्वतःला मंदाई म्हणतो. आमच्या दक्षिणेत अजूनही कितीतरी घरांत सुब्ब्याच्या हातचं खात नाहीत; चांदीचे दागिने आमच्याकडून करून घेतील, होड्या बांधून घेतील, पण आमच्या घरचा चहा घेणार नाहीत. कोठडीत कळलं त्या दिवशी शाकिरचं अंथरूण संडासाच्या दाराशी गेलं आणि पाण्याच्या माठाला हात लावायला त्याला बंदी झाली. म्हणून या तुरुंगाच्या दारात कारकुनाने त्याचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि धर्म न विचारताच मुसलमान म्हणून नोंद केली, तेव्हा शाकिर गप्प राहिला. आपण खोटं कुठे बोललो, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पण त्या गप्प राहण्याला पुढे बरंच काही जोडत जावं लागलं. शुक्रवारी रांगेत उभं राहायचं, शेजारच्याकडे बघून वाकायचं. रमजानचे रोजे धरायचे. आमच्यात सुंता होत नाही, त्यामुळे अंघोळीच्या वेळी त्याने कमरेचं कधीच सोडलं नाही. "नवरी आली रे, नवरी! माना वळवा!" असं कैदी ओरडायचे. शाकिरही त्यांच्याबरोबर हसायचा.

हाताला चव होती म्हणून त्याला स्वयंपाकघर मिळालं. तिथे अबू ग़ानिम नावाचा एक वयस्कर शेतकरी त्याच्या जोडीला होता. कालव्याच्या पाण्यावरून भावकीत मारामारी झाली, त्यात एक जण दगावला, म्हणून तो आत आला होता. दोघं मिळून डाळ शिजवायचे, तंदुरावर रोट्या लावायचे. अबू ग़ानिमची बायको भेटीला येताना खजूर आणायची, त्यातला अर्धा वाटा न मागता शाकिरच्या पुढे यायचा. "माझ्या पोराच्या वयाचा आहेस," म्हातारा म्हणायचा, "फक्त त्याच्यापेक्षा कामाचा." शाकिरचे दिवस बरे चालले होते. रविवार आला की सुरुवाती-सुरुवातीला त्याला घरची आठवण व्हायची, कारण आमचा नदीवर जायचा दिवस तो. नंतर तेही होईनासं झालं.

अशात एका शरद ऋतूत सब्ती आला.

होड्या बांधणारा माणूस. नखांत डांबर मुरलेलं, दाढी छातीपर्यंत. त्याचा मुलगा आघाडीवरून पळून आला होता आणि बापाने त्याला बोरूच्या बेटात लपवून ठेवलं होतं. मुलगा सापडला नाही, बाप सापडला. कारकुनाने धर्माचा रकाना भरायला घेतला तेव्हा सब्तीने त्याचा हातच धरला. "थांब, बाळ. मी मंदाई आहे. तसंच लिही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभा राहिला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "मला नदीवर न्या."

पहारेकरी मिझहर आधी हसला. "आणखी काही? होडी मागवू का, सैर करायला?"

"होडी नको. वाहतं पाणी हवं. प्रार्थनेआधी आम्हाला त्यात हातपाय धुवावे लागतात. टाकीतलं पाणी चालत नाही. ते नदीपासून तुटलेलं असतं."

"पाणी तुटतं?" जुवाद नावाचा एक तोंडाळ कैदी होता, त्याला आयताच विषय मिळाला. "ऐकलंत का रे? आपण इतकी वर्षं तुटकं पाणी पितोय! म्हणूनच पोट साफ होत नाही!"

सगळं अंगण हसलं. म्हातारा हसू ओसरेपर्यंत थांबला आणि पुन्हा तेच म्हणाला, "मला नदीवर न्या." नदी भिंतीपलीकडेच होती. वारा पडला की होड्यांच्या इंजिनांचा आवाज आत यायचा.

त्याच दुपारी जेवणाच्या रांगेत सब्ती शाकिरसमोर आला. शाकिरने मान खाली घालूनच डाळ वाढली. म्हातारा पुढे सरकेना. मग हळू आवाजात, फक्त शाकिरला ऐकू जाईल असा म्हणाला, "तू खफीफचा नातू ना रे? कपाळ अगदी तेच. तुझ्या आजोबांची शेवटची होडी मी बांधली."

खफीफ त्याच्या आजोबांचंच नाव.

"तुमची काहीतरी गल्लत होतेय, हाजी," तो मोठ्याने म्हणाला. "पुढे चला, लोक खोळंबलेत."

हाजी! मक्केला जाऊन आलेल्या माणसाला म्हणतात ते त्याने सब्तीला म्हटलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. एखाद्याच्या घरात चुकून शिरावं आणि नको ते दिसावं, तसा तो ओशाळला. "खरंय," तो म्हणाला, "डोळे गेलेत माझे." आणि पुढे गेला.

तुरुंगाधिकारी हिकमत हा उत्तरेतला, मोसूलकडचा माणूस. कडक, पण वाईट नव्हता. सब्तीने त्याच्याकडे धोशा लावला तेव्हा त्याने त्याला हाकलून दिलं नाही. कैद्याला आपापला धर्म पाळू द्यावा असं नियमात आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण सुब्बी त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. हा खरंच धर्म आहे, की नदीपर्यंत जायला मिळावं म्हणून केलेली युक्ती, हे त्याला ठरवता येईना. त्यात मुलगा फरार, म्हणजे नदीवर कुणी वाट बघत असेल तर? एका सकाळी हजेरीच्या वेळी त्याने सगळ्यांसमोरच विचारलं.

"हा म्हणतो, वाहत्या पाण्याशिवाय याची प्रार्थना होत नाही. याच्या धर्माचं कुणी आहे का इथे? एका माणसाने जरी सांगितलं की हे खरं आहे, तरी मी दर रविवारी याला पहाऱ्यात नदीवर पाठवतो. आहे कुणी?"

शाकिर स्वयंपाकघराच्या दारात, हाताला पीठ लागलेलं, तसाच उभा होता. त्याने मला सांगितलं, "त्या वेळी मला वाटलं, माझं तोंड आपोआप उघडेल. उघडलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या कोठडीतलं संडासाचं दार आलं, आणि अबू ग़ानिमचे खजूर आले."

तेवढ्यात जुवाद ओरडला, "साहेब, इथे सगळे चोर आहेत, खुनी आहेत, पण सुब्बी कुणी नाही! आम्ही इज्जतदार माणसं!"

हशा पिकला. अबू ग़ानिमसुद्धा हसला. आणि शाकिर हसला. नुसता गप्प राहिला असता तरी चाललं असतं, कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. तरी हसला.

"कुणी नाही, साहेब," सब्ती म्हणाला. जमिनीकडे बघून, शांतपणे. "इथे मी एकटाच आहे."

"मग अमाराला माणूस पाठवून विचारावं लागेल," हिकमत म्हणाला. "तोवर थांब."

अमाराला विचारणं राहूनच गेलं. आघाडीवरून रोज प्रेतं येत होती, तिथे एका म्हाताऱ्याच्या हातपाय धुण्याची कुणाला पडली होती? सब्ती थांबला. रोज पहाटे उत्तरेकडे तोंड करून उभा राहायचा, ओठ हलायचे, पण हात कोरडेच. लोक हळूहळू त्याला हसायचेही कंटाळले.

हिवाळ्यात त्याला खोकला धरला. मग ताप. त्याला दवाखान्याच्या खोलीत हलवलं, म्हणजे चार खाटा आणि एक कंपाउंडर. त्याचं जेवण न्यायचं काम शाकिरकडे आलं. शाकिर सूप घेऊन जायचा, खाटेशी ठेवायचा आणि निघायचा. एके दिवशी म्हाताऱ्याने त्याला बसायची खूण केली.

"बसतोस का जरा? तुझ्यासारख्या परक्या माणसाशी बोलायला बरं वाटतं."

शाकिर बसला.

"आमच्यात एक रीत आहे," सब्ती म्हणाला. तो असं बोलत होता जणू समोरच्याला यातलं काहीच माहीत नाही. मधूनमधून थांबून तो समजावूनही सांगत होता. "माणूस जायला लागला की त्याला जिवंतपणीच नदीच्या पाण्याने धुतात. डोक्यापासून पायापर्यंत. मग पांढरी वस्त्रं नेसवतात. ती नेसूनच जीव गेला पाहिजे. गेल्यावर नेसवून उपयोग नाही. तसा गेला तर तो वाटेत अडकतो, असं आमचे लोक मानतात. तुम्हा लोकांना वेडगळ वाटेल."

"नाही," शाकिर म्हणाला.

"मरणाला मी भीत नाही रे. पण हे कपडे बघ." त्याने अंगातल्या तुरुंगाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याला चिमटीत धरलं. "यात जायचं म्हणजे... मला लाज वाटते. तिकडे माझा बाप असेल, आजा असेल. सगळे पांढऱ्यात. आणि मी असा."

त्याने शाकिरकडे काही मागितलं नाही. एक शब्दही नाही. सूप प्यायला, वाडगा परत दिला आणि म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय आज."

शाकिर तिथून निघाला तो सरळ हिकमतच्या खोलीकडे. दारापाशी पोचलाही. आतून टाइपरायटरचा आवाज येत होता. त्याने हात उचलला, तेवढ्यात पाठीमागून अबू ग़ानिमची हाक आली, "अरे शाकिर! भात लागेल खाली, कुठे भटकतोस?" आणि तो वळला. भात खरंच लागला असता, असं तो मला म्हणाला. आणि मग स्वतःच म्हणाला, "लागला असता तर लागला असता."

त्या संध्याकाळी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात सूप नेलं तेव्हा सब्तीने डोळे उघडले नाहीत. छातीत घरघर लागली होती. कंपाउंडर म्हणाला, "आज नाही तर उद्या."

शाकिरने वाडगा तिथेच टाकला आणि धावत जाऊन, दार न वाजवता, हिकमतसमोर उभा राहिला.

"साहेब, मी सुब्बी आहे."

हिकमतने मान वर केली.

"म्हातारा सांगत होता ते सगळं खरं आहे. आता त्याला नदीचं पाणी लागेल आणि पांढरी वस्त्रं लागतील. त्याला भेटायला येते ती मुलगी कलअत सालिह गावात राहते, तिच्याकडे असतील. वेळ नाही, साहेब."

हिकमत म्हणाला, "मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू होतास तिथे."

"होतो."

"हसत होतास. मला आठवतंय, कारण मीही हसलो होतो." त्याने टोपी उचलली. "आधी बोलला असतास तर हा माणूस तीन महिने नदीवर जाऊन आला असता. माझंही चुकलंच. मी अमाराला कुणाला पाठवलंच नाही. जा. मिझहरला घेऊन जा. मुलीकडे मी गाडी धाडतो."

मिझहरने फाटक उघडलं आणि शाकिर इतक्या दिवसांनी नदीच्या काठावर उभा राहिला. मातीचा माठ त्याने प्रवाहात धरला. भरून आला तसा उचलला आणि जवळजवळ पळतच आणला. खोलीत सब्तीचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. तुरुंगाचा सदरा काढला. हाडं दिसत होती. आमच्यात हे पुजाऱ्याने किंवा जाणत्या माणसाने करायचं. शाकिरला लहानपणी ऐकलेलं थोडंफार आठवत होतं. त्याने कपाळावर पाणी ओतलं, मग छातीवर, मग पायांवर. "महान जीवनाच्या नावाने," एवढं म्हटलं आणि पुढचे शब्द आठवेनात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओळी म्हणून म्हणून स्वतःच्या पुसल्या गेल्या होत्या. त्याने तेच पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पांढरं काही नव्हतं. कंपाउंडरने एक धुतलेली चादर दिली, तिच्यावर कडेला तुरुंगाचा शिक्का होता. शिक्का आत दुमडून शाकिरने ती म्हाताऱ्याला गुंडाळली. दुपार कलायच्या आत घरघर थांबली. मुलीला आणायला गेलेली गाडी परत आली तेव्हा ऊन उतरत होतं.

तोवर तुरुंगभर बातमी झाली होती. स्वयंपाकघरात शाकिर आला तेव्हा जुवाद दारातच उभा होता. "इतकी वर्षं आम्हाला याच्या हातचं चारलं!" म्हणत त्याने डाळीचं भांडं लाथेने उलटं केलं. दोघंतिघं जमिनीवर थुंकले. एक जण म्हणाला, "खाल्लं ते खाल्लं, त्याने कोण मेलंय?" पण तोही जवळ आला नाही. शाकिरला त्यांचं काही वाटलं नाही. तो अबू ग़ानिमकडे बघत होता.

अबू ग़ानिम कोपऱ्यात कांदे सोलत होता. त्याने सुरी ठेवली.

"माझ्या शेजारी उभा राहून नमाज पढलास," तो म्हणाला. "रोजा सोडताना माझ्या हातचा खजूर घेतलास. एवढं सगळं केलंस, पण मला एकट्याला सांगितलं नाहीस. मी तसला माणूस आहे असं वाटलं तुला?"

शाकिर काय सांगणार? हो, वाटलं होतं?

"मी त्या दिवशी म्हाताऱ्याला हसलो," अबू ग़ानिम म्हणाला. "तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळेच हसलो. पण तू सांगितलं असतंस तर हसलो नसतो." आणि त्याने पुन्हा सुरी उचलली. संध्याकाळी शाकिरची बदली विटा थापायच्या कामावर झाली.

सब्तीच्या मुलीचं नाव नजीहा. फाटकाजवळच्या खोलीत ती बसली होती. मांडीवर पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं, तसंच, न सोडलेलं. हिकमतने शाकिरला तिच्याकडे पाठवलं. शेवटी जवळ हाच होता, म्हणून.

ती उठून उभी राहिली. "तुम्हीच बाबांना पाणी घातलंत ना? साहेबांनी सांगितलं. तुमचे उपकार कसे..."

"नको," शाकिर म्हणाला. "मला तसं काही म्हणू नका. मी आधी बोललो असतो तर ते असे गेले नसते. साहेबांनी विचारलं होतं. मी गप्प राहिलो. मी हसलो."

त्याला वाटलं ती ओरडेल. निदान तोंड फिरवेल. ती परत बसली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आपला एक जण इथे आहे म्हणाले, खफीफचा नातू, स्वयंपाकघरात. कुणापाशी बोलू नकोस म्हणाले. त्याला अजून बरीच वर्षं काढायचीत, त्याला बायको आहे, लेकरू आहे. माझं काय, मी म्हातारा." ती गाठोड्याची गाठ चाचपत होती. "मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, मी जाऊन त्याला दोन शब्द सुनावते. त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. रागावू नकोस म्हणाले, त्याने वाढताना माझ्या ताटात नेहमी तळाची घट्ट डाळ घातली."

शाकिर भिंतीला टेकून खाली बसला.

"मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका," नजीहा म्हणाली. "बाबांनी केलं असेल. ते त्यांचं. मला एकच सांगा, पण खरं सांगा. पाणी अंगावर पडलं तेव्हा ते होते का? त्यांना कळलं का?"

तिला काय ऐकायचं आहे हे शाकिरला दिसत होतं. डोळे उघडले होते म्हणाला असता, हसले म्हणाला असता, तर तिने जन्मभर ते जपलं असतं. कंपाउंडर पाठमोरा होता. विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"जीव होता," तो म्हणाला. "कळलं का, ते मला माहीत नाही. मला शब्दही पुरते आठवले नाहीत. एकच ओळ म्हटली."

ती हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसले, गाठोडं काखेत मारलं आणि प्रेत न्यायला आलेल्या आमच्या माणसांबरोबर निघून गेली. वस्त्रं पुढे त्यांनी नेसवली की नाही, शाकिरला कधी कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

त्या आठवड्यात हिकमतने हुकूम काढला की सुब्बी कैद्याला दर रविवारी पहाऱ्यात नदीवर न्यावं. मागायला कुणी आलं नव्हतं, अर्ज नव्हता, साक्ष लागली नाही. पहिल्या रविवारी मिझहर हाक मारायला आला तेव्हा शाकिर अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मिझहर वैतागला. "चल ना रे बाबा. साहेब मला विचारतात. तू नाही गेलास तर मी नेत नाही असं त्यांना वाटतं."

तेव्हा तो गेला. फाटकातून बाहेर, उतारावरून खाली. गुडघाभर पाण्यात उभा राहिला, उत्तरेकडे तोंड केलं, ओंजळीने पाणी घेऊन तोंडावरून, कानांवरून, गुडघ्यांवरून फिरवलं. पाणी बर्फासारखं होतं. ओंजळ भरायला आणि हातपाय धुवायला कितीसा वेळ लागतो? सिगारेट शिलगावून मिझहर काठावर बसला होता, तिचे दोन झुरकेही ओढून झाले नव्हते.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

मिझहरने मागे वळून फाटकाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. फाटक इथून हाकेच्या अंतरावर होतं. "एवढंच मागत होता तो म्हातारा?" तो म्हणाला.

"एवढंच," शाकिर म्हणाला.

मिझहरने सिगारेट वाळूत विझवली, आणि दोघं एकमेकांकडे न बघता उतार चढून परत गेले.